बोनी गाय, हाडाचा शेतकरी

इंग्रजीतला ‘बोनी’ हा शब्द सहावीतल्या पोरालाही कळेल इतका सोपा आहे. बोन म्हणजे हाड, त्याला ‘वाय’ची शेपटी लावली की विशेषण तयार. मागे एका इंग्रजी वार्तांकनाचा मराठी अनुवाद करायचं काम माझ्याकडे आलं होतं. विषय आमच्याच बीड जिल्ह्यातला, २०१९च्या उन्हाळ्यातल्या चारा छावण्या. त्या वर्षी राज्यात सगळ्यात जास्त छावण्या बीडमध्येच होत्या, त्यामुळे बाहेरचे पत्रकार येऊन गेले, फोटो काढून गेले. हा लेख प्रामाणिक होता. लिहिणारा छावणीत मुक्कामाला राहिला होता, लोकांशी बोलला होता. पण त्याच्या लेखात सात ठिकाणी ‘बोनी’ होतं. गाय बोनी, म्हाताऱ्याचे हात बोनी, पोराचे खांदे बोनी, आणि एके ठिकाणी तर बाभळीची फांदीसुद्धा बोनी.

गायीचं सोपं होतं. ‘हडकुळी गाय’ लिहिलं, पुढच्या वेळी ‘हाडं वर आलेली गाय’ लिहिलं, भागलं. म्हाताऱ्याच्या हातांशी मात्र गाडी थांबली. ‘हडकुळे हात’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या ओठावर नकळत हसू येतं, कारण हडकुळा हा आपल्याकडे चिडवायचा शब्द आहे. शाळेत ज्याला ‘हडकुळ्या’ म्हणतात त्याला ते जन्मभर पुरतं. ‘अस्थिपंजर हात’ म्हटलं की म्हातारा एकदम ऐतिहासिक नाटकात जाऊन उभा राहतो. ‘काटकुळे’ म्हटलं तर ते पोराचे हात वाटतात. आणि ‘हाडाचे हात’ लिहायची तर सोयच नाही, कारण मराठीत ‘हाडाचा’ म्हटलं की लोक पुढे शिक्षक, कलावंत किंवा शेतकरी ऐकायला तयार होऊन बसतात. शेवटी मी लिहिलं, ‘म्हाताऱ्याच्या हातांवर कातडं तेवढं राहिलं होतं.’ हाड शब्दच गाळला. पण तेव्हापासून हा शब्द डोक्यात फिरतोय.

मुळात ‘बोनी’ करतो काय ते बघू. इंग्रजीतला हा ‘वाय’ प्रत्यय ‘पुष्कळ असलेला’ किंवा ‘दिसणारा’ असा अर्थ देतो. स्टोनी म्हणजे दगडाळ, हेअरी म्हणजे केसाळ. त्या हिशोबाने बोनी म्हणजे हाडाळ व्हायला पाहिजे. पण प्रत्येक प्रौढ माणसाच्या अंगात साधारण २०६ हाडं असतात, जाडजूड माणसाच्याही आणि वाळलेल्याही. वाळलेल्याची हाडं संख्येने वाढत नाहीत. म्हणजे ‘बोनी’ हा शब्द हाडाचं नाव घेऊन मांसाच्या नसण्याबद्दल बोलतो. माशाबाबत तो सरळ अर्थाने वापरतात, खाताना तोंडात फार येतात म्हणून मासा बोनी. तिथे मराठीत हाड येतच नाही. माजलगाव धरणातली मासळी बाजारात आली की बाया विचारतात, काटे किती आहेत? माशाच्या हाडाला आपण हाड म्हणायला तयार नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकात मात्र ‘अस्थिमत्स्य’ आहेत, आणि ते पुस्तकातच राहिलेत.

हीच गंमत ‘बोन-ड्राय’ची. मांजरा धरण आटलं आणि २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा असल्या बातम्यांना इंग्रजीत बोन-ड्राय हा शब्द हाताशीच असतो. ते धरण लातूरला पाणी देतं, पण आहे बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला. हे लातूरवाले सहसा सांगत नाहीत, असो. आपण त्याच धरणाला कोरडंठाक म्हणतो आणि पाटबंधारे खातं ‘मृतसाठा’ म्हणतं. पाण्याच्या टंचाईत मराठीला हाड आठवत नाही. इंग्रजीला ते पहिल्यांदा आठवतं, कारण त्या भाषेत हाड ही सगळं निघून गेल्यावर मागे उरलेली, उन्हात वाळलेली, लांबून पांढरी दिसणारी वस्तू आहे. तिकडे हाड बघायचं असतं.

मराठीत हाडाचं नाव घेण्याआधी ते कुणाचं हे ठरवावं लागतं. आपल्याकडे एकाच वस्तूला तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वर ‘अस्थी’. त्या कलशात असतात, विसर्जित होतात, नेत्यांच्या असतील तर जिल्ह्या-जिल्ह्यातून फिरतात. डॉक्टरच्या पाटीवरही ‘अस्थिरोगतज्ज्ञ’च असतो. मधल्या पायरीवर ‘हाड’. ते जिवंत माणसाचं, मोडतं, दुखतं, थंडीत ठणकतं. खाली ‘हाडूक’. ते कुत्र्याच्या तोंडात असतं, उकिरड्यावर असतं. मटणातही हाडकं जास्त आली ही तक्रार असते, आवडीचं हाड निघालं की त्याचं नाव बदलून ‘नळी’ होतं. कुत्र्याला हाकलायचा शब्दही ‘हाड्’च आहे. त्याचा या हाडाशी व्युत्पत्तीचा संबंध असेल-नसेल, पण ऐकणाऱ्याच्या कानात तो लागतोच.

तिसऱ्या पायरीवर माणसंही ठेवली गेली. नामदेव ढसाळांच्या एका कादंबरीचं नाव ‘हाडकी हाडवळा’ आहे. ज्यांनी फक्त त्यांच्या कविता फोनवर वाचल्या आहेत त्यांना हे नाव ढसाळांनी रागाने घडवलेलं वाटेल. तो गावगाड्यातला जुना शब्द आहे. महारांना गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळालेल्या वतनी जमिनीचं ते नाव. मेलेली जनावरं ओढून नेणं हे ज्यांच्या गळ्यात मारलं, त्यांच्या जमिनीलाही हाडकांचंच नाव दिलं. म्हणजे जमिनीच्या तुकड्याचं विशेषण हाडावरून झालं, आणि ते ऐकून कोणत्या घरचा माणूस हे गावाला कळत होतं. ‘बोनी’चं भाषांतर करणाऱ्याला इंग्रजी शब्दकोश हे सांगणार नाही. इंग्रजीत बोनी हा माणसाच्या तब्येतीचा शब्द आहे. मराठीत हाडावरून केलेला शब्द तब्येतीचा असेल, कुळाचा असेल किंवा जातीचा असेल, आणि वाक्य पुढे गेल्याशिवाय ते कळत नाही.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत हे तिन्ही थर एका रात्रीत येऊन एकमेकांवर आपटतात. खाणीतलं काम बंद पडल्यावर भीमा मुडदे उकरून त्यांच्या अंगावरचं, तोंडातलं सोनं काढायला लागतो. घरच्यांसाठी ती अस्थी असते, भीमासाठी ती चाळायची राख असते आणि कोल्ह्यांसाठी हाडूक. शेवटी त्याची बोटं एका प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि जातात. खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी त्यानंतर येते. ही कथा मी कितीदा वाचली असेल सांगता येत नाही. तिची ताकद मला यात दिसते की भीमा धडधाकट आहे. दणकट, पहाडासारखा माणूस. त्याला ‘बोनी’ म्हणता येत नाही, त्याची दया यावी अशी सोयच अण्णा भाऊंनी ठेवलेली नाही. उपाशी माणूस म्हटलं की बरगड्या मोजायला बसणाऱ्या लेखकांनी ही कथा पुन्हा वाचावी.

बरगड्या मोजायची ही सवय कॅमेऱ्यासोबत आलेली आहे. १८७६ ते ७८च्या मोठ्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात उपासमारीने मरायला टेकलेल्या माणसांचे फोटो काढले. माणसं कॅमेऱ्यासमोर रांगेत बसवलेली, प्रत्येकाची हाडं स्पष्ट दिसावीत अशी. त्या फोटोंवर तेव्हाच टीका झाली की या गृहस्थाने फोटो काढले, पण त्या माणसांसाठी केलं काय? तो दुष्काळ दख्खनमध्येही होता. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत फोटोग्राफर बदलले, कॅमेरे बदलले, आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण दुष्काळाच्या फोटोची चौकट फार बदललेली नाही. भेगाळलेली जमीन, आकाशाकडे बघणारा म्हातारा, आणि बोनी गाय. छावणीत काढलेले बरेच फोटो मी बघितलेत. गायीच्या डोळ्यापेक्षा तिच्या खुब्यावर फोकस जास्त.

याचा अर्थ हाडं बघूच नयेत असा नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे हाड बघायची एक शिस्त असते. गायीच्या अंगावर किती मांस-चरबी आहे याला १ ते ५ असे गुण देतात. कण्याची टोकं, खुबे, शेपटीच्या मुळाची हाडं किती वर आलीत हे बघून आणि हाताने चाचपून ते ठरतं. तिथे बोनी म्हणजे एक नोंद. त्यावरून खुराक ठरतो, औषध ठरतं.

आणि दुसरी शिस्त बाजारात आहे. नेकनूरच्या बैलबाजारात एखाद्या रविवारी उभं राहून बघा. दलाल वाळलेल्या गायीच्या पाठीवरून, खुब्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, ‘हाड चांगलं हाय, भरंल.’ म्हणजे आज चारा मिळालेला नाही, पण सांगाडा मोठा आहे, दोन महिने खाऊ घातलं की जनावर उभं राहील. जी गाय फोटोत बोनी असते तीच बाजारात ‘हाडानं चांगली’ असते. पत्रकाराला हाडात शेवट दिसतो, दलालाला तिथेच सुरुवात दिसते. दलाल काही संत नसतो, त्याला भाव पाडायचा असतो आणि घेणाऱ्याला भुलवायचंही असतं. तरी त्याच्या वाक्यात गायीला उद्याचा दिवस आहे, हे मला मान्य करावं लागतं.

मराठीतला ‘हाडाचा’ हा शब्द याच बाजूचा आहे. हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक, हाडाचा कार्यकर्ता. आत, अगदी खोल, मांस झडलं तरी जाणार नाही असं काही. इंग्रजीत अस्सल जिवंत माणसाला फ्लेश अँड ब्लड म्हणतात, मांस आणि रक्त. आपण ‘हाडामांसाचा माणूस’ म्हणतो. त्यांनी रक्त ठेवलं तिथे आपण हाड ठेवलं. हल्ली ‘शेती त्याच्या रक्तात आहे’ असंही ऐकू येतं, ते मला सिनेमाच्या वाटेने आलेलं वाटतं. वैरसुद्धा आपल्याकडे हाडवैर असतं. फक्त जिभेला हाड नसतं, म्हणून ती काहीही बोलते.

इथवर हा शब्द मला आवडतो. माझा आक्षेप त्याच्या वापरावर आहे, आणि तो आपल्या साहित्यातल्या वापरावर जास्त आहे. मराठवाड्यातला कुणी पहिलं पुस्तक लिहितो आणि दोन ओळींचं परीक्षण येतं: ‘हाडाचा शेतकरी असलेल्या या कवीची अस्सल, मातीतली कविता.’ त्या कवीने मुक्तछंदात काय केलंय, वाक्य कुठे तोडलंय, त्याने कोणाचं वाचलंय आणि कोणाला नाकारलंय, यातलं काहीही बघायची गरज उरत नाही. तो हाडाचा आहे ना, मग त्याने लिहिलं नाही, ते त्याच्यातून आलं. विहिरीला पाणी लागावं तसं. पुण्यातल्या कवीची शैली असते आणि बीडच्या कवीची माती असते. मुकुंदराज आणि दासोपंत ज्या अंबाजोगाईत होऊन गेले, जिथे दासोपंतांनी लांबलचक कापडावर पासोडी लिहिली, त्या गावातल्या आजच्या पोराला कुणी विचारत नाही की बाबा, तू हे कसं रचलंस? स्तुती म्हणून दिलेला ‘हाडाचा’ त्याचं कसब काढून घेतो.

इंग्रजीत अनुवाद झाला तर तिथेही फार वेगळं होत नाही. तिकडच्या ब्लर्बवर असल्या पुस्तकाला ‘रॉ’ म्हणतात, गद्याला ‘बेअर-बोन्स’ म्हणतात. म्हणजे कच्चं आणि उघड्या हाडांचं. मराठीत कुणी ‘हडकुळं गद्य’ म्हणत नाही, आपण आटोपशीर म्हणतो, नेमकं म्हणतो, म्हणजे लेखकाने काहीतरी आटपलं, नेमलं हे त्यात कबूल असतं. बेअर-बोन्स म्हटलं की लेखकाकडे जणू मांस नव्हतंच.

आणि हाडाचा ही पदवी कुणाला मिळते ते मोजून बघा. बीड जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. आजा गेला, बाप गेला, पोरगं चाललंय. तिसरी पिढी एकाच कामात आहे, ते काम त्यांच्या अंगात मुरलेलं आहे, ऊस बुडातून किती खाली धरून तोडायचा, मोळी बांधताना वाढ्याचा पीळ कसा द्यायचा, डोक्यावरची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये कसं चढायचं हे कसबाचं काम आहे. पण ‘हाडाचा ऊसतोड कामगार’ असं वाक्य मी कधी वाचलेलं नाही. ‘हाडाचा हमाल’ नाही, ‘हाडाची धुणीवाली’ नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे दुसरा वाक्प्रचार ठेवलेला आहे: हाडाची काडं करणे. शिक्षकाचं हाड त्याचा गुण असतं, कामगाराचं हाड जळण असतं. एकाच्या श्रद्धांजलीत हाड येतं, दुसऱ्याच्या उचलीत.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा शब्द आहे, तो साहित्यात फार येत नाही पण घराघरात चालतो. ‘हाडापेरानं थोराड.’ इंग्रजीत याच्या जवळ बिग-बोन्ड आहे, तो तिकडे बहुतेक वेळा जाड माणसाला जाड न म्हणण्यासाठी वापरतात. आमच्याकडे तो बैलाला वापरतात आणि मुलीला वापरतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. मुकादमाला जोडी लागते, एकटा पोरगा अर्धा कोयता. म्हणून दिवाळीच्या आधी लग्नं उरकतात, आणि त्यातली किती मुलगी अठराची व्हायच्या आत उरकतात हे आता लपून राहिलेलं नाही. अशा बोलण्यांमध्ये मी बसलेलो आहे. मुलगी नववीत आहे म्हटल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘पण हाडापेरानं थोराड हाय की.’ आणि वयाचा मुद्दा तिथेच मिटतो. बाजारात दलाल जे गायीबद्दल बोलतो, अगदी तेच वाक्य, तोच अंदाज: सांगाडा चांगला आहे, कामाला टिकेल. मघाशी त्या वाक्याचं मी कौतुक केलं होतं. बोलणारा तोच, बघायची रीत तीच, फक्त समोर माणूस आहे.

पुढे या थोराड हाडाचं काय होतं, हे ‘बोनी’त कधीच सापडणार नाही, कारण ते बाहेरून दिसत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या चाळिशीतल्या कितीतरी बाया अंगाने भरलेल्या असतात. फोटोग्राफरला त्यांच्यात काही सापडत नाही. त्यांना विचारलं की त्या तीन शब्द सांगतात, आणि माझ्या मते आजच्या बीडमधले हाडाबद्दलचे खरे शब्द हेच आहेत: झीज, गॅप आणि ठिसूळ. ‘गुडघ्याची झीज झालीय म्हणले.’ ‘मणक्यात गॅप हाय.’ ‘हाडं ठिसूळ झालेत.’ झीज हा मूळचा अवजाराचा, वहाणेचा, उंबऱ्याचा शब्द. ठिसूळ हा दगडाचा, ढेकळाचा. गॅप इंग्रजी आहे, पण डॉक्टरच्या तोंडातून सुटून तो इतका आमचा झालाय की गावात ज्याला-त्याला गॅप असतो. बोनी, स्केलेटल, अस्थिपंजर यातलं काहीही बीडच्या बोलीने घेतलं नाही. तिने गॅप घेतला, कारण दुखणं दोन मणक्यांच्या मध्ये होतं, जिथे हाड नसतं.

ठिसूळचा एक संदर्भ विसरता येत नाही. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यात साडेतेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी मागच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. बायांच्या भाषेत ‘पिशवी काढली’. पाळीत कामाला खाडा नको, खाड्याचा दंड नको, अंगावरून जातंय त्याची भीती घातलेली, अशी त्यामागे अनेक कारणं. आता शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले तर पाळी जाण्याच्या वयाच्या कितीतरी आधी इस्ट्रोजेन कमी होतं, आणि इस्ट्रोजेन हाडांतलं कॅल्शियम टिकवून धरतं. ते गेलं की हाड आतून विरळ होत जातं. ऑस्टिओपोरोसिस या शब्दाचा ग्रीक अर्थच सच्छिद्र हाड असा आहे. वरून तीच बाई, तेवढीच थोराड. आत जाळी पडत चाललेली. तीस-पस्तिशीत पिशवी काढलेली बाई पुन्हा फडात जाते आणि डोक्यावर तेवढीच मोळी घेते.

या बाईवर मराठीत लिहिलं जातंय, नाही असं नाही. ऊसतोडीवर कविता येतात, कथा येतात, कोयता आता मुखपृष्ठावरचं चिन्ह झालाय. पण माझ्या वाचनात जे आलं त्यात ती बाई बहुतेक वेळा ‘हाडांचा सापळा’ असते. म्हणजे लेखकानेही बाहेरून आलेल्या पत्रकाराचीच नजर घेतलेली. हे केवळ चुकीचं वर्णन म्हणून सोडून देता येत नाही. सापळा म्हटलं की वाचकाला कणव येते आणि उपाय सुचतो तो अन्नाचा. तिला भाकरी द्या. तिचं दुखणं भाकरीच्या पलीकडचं आहे, ते उचलीत आहे, कोयत्याच्या हिशोबात आहे, एका दवाखान्यातल्या सहीत आहे. चुकीचं विशेषण कारणही चुकीचं सांगतं. मला अशी कथा वाचायची आहे जिच्यात ही बाई धडधाकट दिसते, हसते, मोबाइलवर रील बघते, आणि एका सकाळी फळीवरून पाय घसरून बसल्यासारखी पडते तर खुबा मोडतो. अण्णा भाऊंनी भीमाला पहाडासारखा ठेवला, तसं तिला कुणीतरी ठेवायला हवं.

ज्यांना इंग्रजीत लिहायचंय त्यांच्यासाठीही ‘बोनी’ टाकून द्यायचा शब्द आहे असं मी म्हणणार नाही. तो नेमका वापरता येतो. एकदाच, एका जागी, कोणतं हाड दिसतंय ते सांगून. गळ्याखालचं हाड, मनगटाचं टोक, खुबा. सात ठिकाणी वापरला की तो वर्णन न राहता शिक्का होतो, आणि मग बाभळीलाही लागतो. मराठीत लिहिणाऱ्यांनी ‘अस्थिपंजर’ निदान पाच वर्षं तरी वापरू नये असं मला मनापासून वाटतं. ‘हाडाचा’ मात्र मला टिकायला हवा आहे. फक्त तो एखाद्या मोळी बांधणारीला लावून बघा, कानाला कसा लागतो ते बघा. ‘हाडाची ऊसतोडणी.’ मला तो अजून थोडा खटकतो. तुम्हालाही खटकत असेल तर का, याचा विचार करायला हरकत नाही.

अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात हाडांच्या ओपीडीबाहेर बाकडी आहेत. तिथे मे महिन्यात, पट्टा पडून टोळ्या परत आल्यावर, बायांची गर्दी असते. प्रत्येकीच्या हातात किराणा दुकानाची पिशवी आणि त्यात गुंडाळलेली एक्स-रेची फिल्म. एकजण शेजारणीची फिल्म घेऊन खिडकीकडे धरते, उलटी धरते, मग सुलटी करते. ‘गॅप कुठंय गं यात?’ विचारते. दुसरी बोट ठेवते. बोट ठेवलेली जागा काळी आहे. ‘हितं. बसल्यावर दुखायलंय तिथंच.’ मग दोघी मिळून तिसरीची बघतात.